फॉस्फेट लावणाऱ्यांचं कौतुक झालं, काढणाऱ्यांचं काय?

अनुस्वार | बुधवार, रात्री १०:४२

मध्यंतरी इथे कर्करोगाच्या गोळ्यांवर एक धागा चांगलाच रंगला होता. इमॅटिनिबपासून नावाच्या शेवटी ‘निब’ असलेली सगळी मंडळी हजेरी लावून गेली आणि चर्चा शेवटपर्यंत कायनेज या एन्झाइमांभोवती फिरत राहिली. कायनेज म्हणजे प्रथिनावर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम. चिकटवलेला फॉस्फेट पुढे काढतं कोण, हे कोणी विचारलंच नाही. माझं रोजचं काम या काढणाऱ्यांशी, म्हणजे फॉस्फटेजशी आहे. तेव्हा थोडी चिडचिड झाली, आणि म्हणून हा धागा.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेशीला बाहेरून निरोप येतो: इन्सुलिनचा, ॲड्रेनलीनचा, ‘आता वाढ’ म्हणणाऱ्या घटकांचा. तो आत पोचवताना एक प्रथिन दुसऱ्यावर फॉस्फेट बसवतं, दुसरं तिसऱ्यावर, अशी साखळी चालते. आपल्या पेशींत हा फॉस्फेट मुख्यतः तीन अमिनो आम्लांवर बसतो: सेरीन, थ्रिओनिन आणि टायरोसीन. फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो. तो एका जागी येऊन बसला की प्रथिनाची घडी हलते, झाकलेली जागा उघडी पडते, एखादा नवा जोडीदार येऊन चिकटतो.

आता हा फॉस्फेट आपण होऊन गळून पडेल का? वोल्फेंडेन यांच्या गटाने २००३ मध्ये याचं उत्तर दिलं. एन्झाइम नसताना, नुसत्या पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला असे निम्मे बंध तुटायला सुमारे एक लाख कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आहे, यावरून काय ते समजा. फॉस्फटेज हेच काम सेकंदाच्या आत उरकतं. ते नसतं तर पेशीने एकदा ऐकलेला निरोप ती मरेपर्यंत ऐकत बसली असती.

गंमत म्हणजे शोधाच्या क्रमात काढणाराच आधी हाती लागला. अमेरिकेत सेंट लुइसला कार्ल आणि गर्टी कोरी हे जोडपं स्नायूतल्या ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजवर, म्हणजे ग्लायकोजेन (पेशीतला साखरेचा साठा) मोडणाऱ्या एन्झाइमावर काम करत होतं. या एन्झाइमाची दोन रूपं. ‘ए’ स्वतःहून चालतं, ‘बी’ला एएमपी नावाच्या छोट्या रेणूची मदत लागते. १९४० च्या दशकात त्यांना स्नायूच्या अर्कात ‘ए’चं ‘बी’ करणारं काहीतरी सापडलं. ते ‘ए’मध्ये रुतलेला एएमपी उपटून काढत असावं असा त्यांचा अंदाज होता, आणि त्यावरून त्याला पीआर (प्रोस्थेटिक-ग्रुप रिमूव्हिंग, म्हणजे रुतलेला गट काढणारं) एन्झाइम असं नावही दिलं. पण ‘ए’मध्ये एएमपी काही सापडेना.

१९५५ मध्ये सिॲटलला एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी उलटा प्रवास पकडला. ‘बी’चं ‘ए’ होतं ते एटीपीवरचा (पेशीच्या इंधनाच्या रेणूवरचा) फॉस्फेट प्रथिनावर येऊन बसल्यामुळे. त्यातही एक मजा झाली. कोरींच्या पद्धतीत स्नायूचा अर्क फिल्टर पेपरमधून गाळायचा असे. या दोघांनी त्याऐवजी सेंट्रिफ्यूज वापरला आणि ‘ए’ मिळायचं बंदच झालं, जे हाती येई ते सगळं ‘बी’. कागदातलं कॅल्शियम अर्कात उतरत होतं आणि तेच कायनेजला जागं करत होतं! त्याच सुमारास सदरलँड आणि वोसिलेट यांनी यकृतात दाखवलं की फॉस्फोरिलेज बंद पडताना फॉस्फेट सुटा होतो. मग उलगडा झाला: कोरींचं ते पीआर एन्झाइम म्हणजे फॉस्फटेज. आज त्याला आपण पीपी१ म्हणतो. फिशर आणि क्रेब्सना १९९२ चं नोबेल मिळालं, आणि नोबेलच्या मजकुरातच ‘उलट फिरवता येणारं’ फॉस्फेट लावणं असा उल्लेख आहे. उलट फिरवणारा कोण, त्याचं नाव मात्र लोकांच्या तोंडी बसलं नाही.

पाठ्यपुस्तकात या मंडळींची एका ओळीत बोळवण होते: ‘कायनेज चालू करतं, फॉस्फटेज बंद करतं.’ माझा आक्षेप या ओळीला आहे. फॉस्फटेज फॉस्फेट काढतं, एवढंच खरं. त्याने काय बंद होतं आणि काय चालू होतं, ते ज्याच्या अंगावरून फॉस्फेट निघाला त्या प्रथिनावर ठरतं. पुरणपोळी खाऊन झाली की हेच पीपी१ फॉस्फोरिलेजवरचा फॉस्फेट काढतं आणि ग्लायकोजेन मोडायचं थांबवतं. त्याच वेळी ते ग्लायकोजेन सिंथेजवरचाही काढतं, आणि ते एन्झाइम चालू होऊन ग्लायकोजेन साठवायला लागतं. एकच कृती, दोन उलट परिणाम.

शंका, आक्षेप, शिव्या, सगळ्याचं स्वागत.

---

मुसळधार | गुरुवार, सकाळी ७:१५

शीर्षक वाचून वाटलं सुपर फॉस्फेटच्या गोणीचा भाव वाढला. आत आलो तर पेशी निघाली. असो, आलोच आहे तर चहाबरोबर सगळं वाचलं.

एक कळलं नाही. एवढी कामाची मंडळी, तर शास्त्रज्ञांनी इतकी वर्षं दुर्लक्ष का केलं? राजकारण का?

---

अनुस्वार | गुरुवार, सकाळी ९:०३

@मुसळधार, राजकारण नाही, थोडा आकड्यांचा घोळ आणि थोडी टेस्ट ट्यूबची फसवणूक.

माणसाच्या जीनोममध्ये कायनेजची ५१८ जनुकं मोजली गेली (२००२). त्यातली नव्वद टायरोसीनवर काम करणारी, बाकी बहुतेक सेरीन आणि थ्रिओनिनवर. टायरोसीन फॉस्फटेजचं कुटुंबही १०७ जनुकांचं निघालं, म्हणजे तिथे जमाखर्च जुळतो. पण सेरीन-थ्रिओनिनवरचे फॉस्फेट काढणारी मुख्य एन्झाइम्स मोजली तर जेमतेम चाळीसच्या आसपास. चारशेच्या वर लावणारे आणि चाळीस काढणारे! लोकांनी निष्कर्ष काढला की काढणाऱ्यांना चॉइस नाही, दिसेल तो फॉस्फेट ओरबाडतात. त्यात पीपी१चा मुख्य तुकडा शुद्ध करून टेस्ट ट्यूबमध्ये टाकला की तो खरंच समोर येईल ते खातो.

पेशीत तो एकटा कधीच फिरत नाही. त्याला धरून ठेवणारी दोनशेच्या वर जोडीदार प्रथिनं माहीत आहेत. पंगतीत ताटं उचलणारा माणूस एकच असतो, पण कुठल्या खोलीतली ताटं आधी उचलायची ते यजमान सांगतो, तसं. ग्लायकोजेनजवळ नेणारा जोडीदार वेगळा, स्नायूच्या मायोसिनजवळ नेणारा वेगळा. जोडीदार बदलला की काम बदललं. पीपी२ए हे दुसरं फॉस्फटेज तर तीन तुकड्यांनी मिळूनच बनतं आणि तिसरा तुकडा बदलून त्याची कितीतरी रूपं होतात.

---

घाटवाट | गुरुवार, दुपारी १:३०

तुमचं अर्धं डोक्यावरून गेलं, पण एक जागा ओळखीची वाटली म्हणून लिहितोय. माझ्या धाकट्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, आईची किडनी. तो टॅक्रोलिमस घेतो, सकाळी आणि रात्री, घड्याळ लावून. त्याच्या फाइलवर औषधाच्या प्रकारापुढे ‘कॅल्सिन्युरिन इनहिबिटर’ लिहिलंय. मी शोधलं तर कॅल्सिन्युरिन हे फॉस्फटेज आहे असं दिसलं. हे तुमच्यातलंच का? आणि फॉस्फटेज जर बंद करणारं असेल, तर त्यालाच बंद केल्यावर प्रतिकारशक्ती वाढायला हवी ना? ती कमी कशी होते?

---

अनुस्वार | गुरुवार, दुपारी २:१०

@घाटवाट, माझा अख्खा आक्षेप तुम्ही दोन ओळींत मांडलात. धन्यवाद.

हो, कॅल्सिन्युरिन आमच्यातलंच, सेरीन-थ्रिओनिन फॉस्फटेज. मेंदूत ते भरपूर असतं. टी पेशीला (प्रतिकारशक्तीच्या सैनिकांपैकी एक) परकं काही दिसलं (भावाच्या शरीरात आईची किडनी परकीच) की तिच्या आत कॅल्शियम वाढतं. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला धरतं आणि दोघं मिळून कॅल्सिन्युरिनला जागं करतात. आता बघा. पेशीद्रवात एनफॅट नावाचं प्रथिन डझनभर फॉस्फेट अंगावर घेऊन गप्प पडून असतं. त्या फॉस्फेटांमुळे त्याचा केंद्रकात शिरायचा परवाना झाकलेला असतो. कॅल्सिन्युरिन ते फॉस्फेट काढतं, परवाना उघडा पडतो, एनफॅट केंद्रकात शिरतं आणि इंटरल्यूकिन-२चं जनुक चालू करतं. इंटरल्यूकिन-२ आलं की टी पेशींची फौज वाढते आणि किडनीवर चालून जाते.

म्हणजे इथे फॉस्फेट काढणं हेच ‘चालू’चं बटण. ते अडवलं की फौज उभीच राहत नाही. म्हणून प्रतिकार कमी.

टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिनला थेट धरत नाही, हे मला फार आवडतं. ते आधी पेशीतल्या एफकेबीपी१२ या दुसऱ्याच प्रथिनाला चिकटतं आणि ती जोडी जाऊन कॅल्सिन्युरिनच्या दारात बसते. फॉस्फेट तोडायची आतली जागा शाबूत असते, पण एनफॅटसारखं मोठं प्रथिन आतपर्यंत पोचत नाही. सायक्लोस्पोरिनची तऱ्हा तशीच, फक्त त्याचा साथीदार सायक्लोफिलिन. रासायनिकदृष्ट्या एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली दोन औषधं, एक नॉर्वेतल्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून आलेलं, दुसरं १९८४ मध्ये जपानातल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूतून. दोघांचं अंतिम लक्ष्य एकच, हे १९९१ मध्ये श्रायबर यांच्या गटाने दाखवलं. सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८३ ला. म्हणजे आठ वर्षं डॉक्टर एका फॉस्फटेजला अडवून ट्रान्सप्लांट टिकवत होते आणि आपण अडवतोय ते एक फॉस्फटेज आहे हे कोणाला माहीत नव्हतं.

---

नाडीपरीक्षा | गुरुवार, रात्री ९:४८

धागा आवडला. मी रोज टॅक्रोचे पेशंट बघतो, म्हणून थोडं ओपीडीतून.

@घाटवाट, भावाला ‘लेव्हल’ करायला सांगतात ती ट्रफ लेव्हल, म्हणजे पुढच्या डोसच्या जरा आधी रक्तात किती उरलंय ते. त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. हे शंभरदा सांगूनही दर ओपीडीला कोणीतरी गोळी घेऊन, वर पोहे खाऊन येतोच, आणि मग आलेला आकडा बघून डॉक्टरांचंच बीपी वाढतं. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची दिली तर न विचारता बदलू नका.

साइड इफेक्ट बघितले तर धाग्याचा विषय तिथेच दिसतो. हात थरथरतात, कपबशी वाजते: मेंदूत कॅल्सिन्युरिन भरपूर आहे. साखर वाढते: स्वादुपिंडातल्या बीटा पेशींनाही ते लागतं. बीपी वाढतं, आणि त्याची गोष्ट मस्त आहे. मूत्रपिंडात मीठ परत ओढून घेणारं एक प्रथिन असतं, ते फॉस्फेट लागल्यावर जोरात चालतं. टॅक्रोलिमसमुळे तो फॉस्फेट नीट निघत नाही, मीठ अंगात राहतं. म्हणजे इथे फॉस्फटेज बंद करणारंच होतं! एकाच गोळीने एका पेशीत चालू होणारं थांबतं आणि दुसऱ्या पेशीत थांबणारं चालू राहतं.

आणि टीबी. आपल्याकडे ट्रान्सप्लांटनंतर टीबी निघणं नवीन नाही. रिफाम्पिसिन सुरू केलं की यकृत आणि आतडं टॅक्रोलिमसचा फडशा पाडायला लागतं, लेव्हल धाडकन खाली येते. तिथे डोसची कसरत करावी लागते, ती डॉक्टरलाच करू द्या.

---

घाटवाट | शुक्रवार, सकाळी ८:२०

@नाडीपरीक्षा, खूप आभार. पपनसाबद्दल विचारायचं होतं. डिस्चार्जच्या वेळी दिलेल्या कागदावर ‘ग्रेपफ्रूट टाळा’ असं छापलं होतं. आम्ही म्हटलं, ग्रेपफ्रूट आपल्याकडे खातंय कोण. पण गावी परसात पपनसाचं झाड आहे, गणपतीत घरभर फोडी असतात, सोलून मीठ-साखर लावून. ते चालतं का?

---

नाडीपरीक्षा | शुक्रवार, सकाळी ८:५५

नाही. पपनस ग्रेपफ्रूटच्याच घराण्यातलं. ग्रेपफ्रूट ही पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेली जात आहे. यातली फ्युरॅनोकुमारिन नावाची द्रव्यं आतड्यातलं टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम निकामी करतात आणि लेव्हल चढते. पपनस खाऊन किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटची टॅक्रोलिमस लेव्हल वाढल्याची नोंद जपानमधून प्रसिद्ध झाली आहे. कागदावर ग्रेपफ्रूट लिहितात आणि पपनस लिहीत नाहीत, हे आपल्याकडे बदलायला हवं. नैवेद्याला ठेवा, भावाला मोदक द्या. (साखर बघून.)

---

तिरकस | शुक्रवार, दुपारी १२:४०

वाद घालायला आलोय. अनुस्वार, तुम्ही अपवाद दाखवून नियम मोडताय. ईआरकेचा मार्ग (‘वाढ’ हा निरोप आत पोचवणारी कायनेजची साखळी) घ्या, इन्सुलिन रिसेप्टर (इन्सुलिनचा निरोप झेलणारं प्रथिन) घ्या, वाढीच्या घटकांचे रिसेप्टर घ्या. सगळीकडे फॉस्फेट लागला की चालू, निघाला की बंद. पाठ्यपुस्तकातली ओळ विद्यार्थ्याला नव्वद टक्के ठिकाणी बरोबर उत्तर देते. एनफॅट आणि ग्लायकोजेन सिंथेज सोडून आहे काय तुमच्याकडे?

---

अनुस्वार | शुक्रवार, दुपारी ३:२२

@तिरकस, ईआरके आणि इन्सुलिन रिसेप्टर तुमचे. वाद नाही.

माझ्याकडे काय आहे? १) सीडीसी२५. पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर असते तेव्हा सीडीके१ हे कायनेज तयार होऊन थांबलेलं असतं, कारण त्याच्या अंगावर अडवून धरणारे फॉस्फेट असतात. सीडीसी२५ ते काढतं तेव्हाच विभाजन सुरू होतं. तुमच्या अंगातल्या प्रत्येक पेशीच्या विभाजनाला हिरवा कंदील एक फॉस्फटेज देतं. २) सीडी४५ हे फॉस्फटेज. टी पेशीवर त्याची नुसती गर्दी असते. एलसीके या कायनेजच्या शेपटीवरचा फॉस्फेट ते काढतं आणि एलसीके कामाला मोकळं होतं. १९८८ मध्ये टॉंक्स यांनी फिशर यांच्याच प्रयोगशाळेत माणसाच्या वारेतून पहिलं टायरोसीन फॉस्फटेज शुद्ध केलं. त्याची अमिनो आम्लांची रांग वाचल्यावर ती सीडी४५शी जुळली. तोवर सीडी४५ म्हणजे पांढऱ्या पेशींवरची एक खूणच समजली जायची. ३) शिप-टू. हे फॉस्फटेज ईआरकेच्याच मार्गाला पुढे ढकलतं, म्हणजे तुमच्याच उदाहरणात. त्याच्या जनुकात बदल होऊन ते जास्त चालायला लागलं की नूनन सिंड्रोम हा जन्मजात विकार होतो. निम्म्याच्या आसपास नूनन रुग्णांत हेच कारण, हे २००१ मध्ये कळलं.

नव्वद टक्के हा आकडा कुठून आणलात ते सांगाल का?

---

तिरकस | शुक्रवार, संध्याकाळी ६:०५

आकडा अंदाजपंचे होता, नव्वदवर अडून बसत नाही. पण शिप-टू बद्दल एक: ते नेमकं कशावरचा फॉस्फेट काढून ईआरके पुढे ढकलतं, याची चार वेगवेगळी उत्तरं मी चार शोधनिबंधांत वाचली आहेत. तेव्हा तेही जरा जपून.

---

कासंडी | शुक्रवार, रात्री १०:११

मी दूधवाला. म्हणजे डेअरीच्या लॅबमध्ये. आमच्याकडेही फॉस्फटेज रोज असतं, पण ते हे नव्हे असं वाटतंय. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फटेज असतं. पाश्चरायझेशन (७२ अंश, १५ सेकंद) नीट झालं तर ते मरतं. रोग पसरवणाऱ्या जंतूंना मारायला लागते त्याहून जरा जास्तच उष्णता त्याला लागते, म्हणून ते मेलं म्हणजे जंतूही मेले असं धरतो. दुधात पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट टाकून ३७ अंशाला ठेवायचं. पिवळं झालं की कच्चं दूध कुठेतरी मिसळलंय, लॉट थांबवा. मग लाइन चेक, व्हॉल्व्ह चेक, रात्रपाळी वैतागलेली.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एलएफटीखाली (यकृताच्या तपासण्यांत) एएलपी येतं ते आणि हे एकच का? आणि तुमच्या फॉस्फटेजशी याचं काय नातं?

---

अनुस्वार | शनिवार, सकाळी १०:३०

@कासंडी, नाव झकास. दुधातलं आणि एलएफटीमधलं, दोन्ही अल्कलाइन फॉस्फटेजच. रक्तातलं मुख्यतः यकृत आणि हाडांतून येतं, म्हणून वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ते जास्त दिसलं तरी घाबरायचं नसतं. बऱ्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये मोजायची युक्तीही तुमचीच, तोच पिवळा रंग. पण हे पेशीच्या बाहेरच्या बाजूला असतं आणि कुठलाही फॉस्फेट तोडतं. मी लिहितेय ती पेशीच्या आत, संदेशमार्गांवर बसलेली.

तुमचं दूध मात्र माझ्या कामात रोज आडवं येतं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने शोधायची पद्धत) पडदा झाकायला बहुतेक लोक दुधाची पावडर वापरतात, स्वस्त आणि मस्त. पण फॉस्फेट लागलेलं प्रथिन शोधायचं असेल तर आम्ही गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन घेतो, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटने भरलेलं असतं आणि अँटिबॉडी तिकडेच जाऊन बसण्याचा धोका. दुसरी गोष्ट म्हणजे पेशी फोडल्या क्षणी आतली फॉस्फटेज मोकाट सुटतात आणि बर्फावर ठेवलं तरी फॉस्फेट पुसायला लागतात. म्हणून बफरमध्ये आधीच सोडियम फ्लोराइड आणि सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट टाकायचं. ऑर्थोव्हॅनेडेट बनवणं हा एक सोहळा आहे. पाण्यात विरघळवून पीएच १० ला आणलं की पिवळं होतं, ते उकळायचं, रंग गेला की थंड करायचं, पीएच परत १० ला आणायचा, पुन्हा पिवळं झालं तर पुन्हा उकळायचं. पाण्यासारखं स्वच्छ राहीपर्यंत. पिवळं म्हणजे व्हॅनेडेटचे रेणू एकमेकांना चिकटलेले, ते कामाचे नाहीत. तुमच्याकडे पिवळं आलं की लॉट थांबतो, आमच्याकडे ब्लॉट.

व्हॅनेडेट टायरोसीन फॉस्फटेजला अडवतं हे १९८२ मध्ये दाखवणाऱ्यांत घनश्याम स्वरूप होते, जे पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत होते. सहलेखक स्टॅन्ले कोहेन, ज्यांना चार वर्षांनी नोबेल मिळालं.

---

मांडवीकाठ | शनिवार, दुपारी ४:४५

गोव्यातून नमस्कार. धागा वाचून गुगल केलं आणि पस्तावलो. शिंपल्यांतलं कसलंसं ओकाडाइक ॲसिड फॉस्फटेज बंद करतं म्हणे. आम्ही शिनाणे खायचे सोडायचे का आता? रविवार उद्यावर आलाय.

---

अनुस्वार | शनिवार, संध्याकाळी ५:३०

@मांडवीकाठ, ते विष शिनाण्यांचं स्वतःचं नाही. डायनोफायसिससारख्या सूक्ष्म प्लवकांत ते बनतं, शिंपले पाणी गाळताना त्यांच्यात साठतं. ते पीपी२ए आणि पीपी१ दोन्ही अडवतं, आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल होतात आणि जुलाब लागतात. दोन-तीन दिवसांत माणूस बरा होतो. चव, वास काही नाही, आणि रस्सा कितीही उकळा, जात नाही. म्हणूनच युरोपात शिंपल्यांच्या किलोमागे १६० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि तपासणी काढणीच्या ठिकाणी होते. समुद्राच्या पाण्याचा रंग बदललेला असेल तेव्हा शिंपले टाळावेत, एवढं मी पाळते.

गोड्या पाण्यातला याचा भाऊबंद जास्त वाईट. निळ्या-हिरव्या शेवाळातलं मायक्रोसिस्टिन तीच एन्झाइम्स अडवतं, पण ते थेट यकृताच्या पेशीत शिरतं. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरूला डायलिसिसच्या पाण्यातून ते रुग्णांच्या रक्तात गेलं आणि पन्नासच्या आसपास माणसं दगावली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात ते आलं तेव्हा सुमारे पाच लाख लोकांना सांगावं लागलं, पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, कारण उकळून ते उलट दाट होतं.

---

बखरकार | रविवार, सकाळी ६:५०

प्लेगचं कोणी बोललंच नाही? यर्सिनिया पेस्टिस. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला सुरू झाला, पुण्यात पोचला, पुढचं रँड प्रकरण सगळ्यांना पाठ आहे. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. हे सगळं होत असताना त्या जंतूच्या पोटात काय हत्यार होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. १९९० मध्ये डिक्सन यांच्या प्रयोगशाळेत कळलं की यर्सिनियाचं योप-एच हे प्रथिन टायरोसीन फॉस्फटेज आहे. जंतू सुईसारख्या यंत्रणेने ते सरळ आपल्या भक्षक पेशीत टोचतो. आत गेलं की पेशीला पाय पसरायला आणि जंतूला गिळायला जी प्रथिनं लागतात त्यांच्यावरचे फॉस्फेट ते झाडून काढतं. पेशी जंतूच्या शेजारी बसून राहते, गिळत नाही.

जिवाणूंना स्वतःला टायरोसीन फॉस्फेटचा फारसा उपयोग नसताना इतकं धारदार फॉस्फटेज त्यांच्याकडे आलं कुठून, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

---

अनुस्वार | रविवार, सकाळी ९:१५

@बखरकार, जबरदस्त. टीबीच्या जंतूचीही तीच चाल. तो भक्षक पेशीच्या आत बसून पीटीपी-ए नावाचं फॉस्फटेज सोडतो, आणि ज्या कप्प्यात तो अडकलाय तो पचवणाऱ्या कप्प्याशी जोडलाच जात नाही.

---

फायनल_इयर | रविवार, रात्री ११:३८

उद्या सेमिनार आहे आणि हा धागा आज सापडला, थँक्यू सो मच. दोन प्रश्न. कायनेजवर इतक्या गोळ्या आहेत तर फॉस्फटेजवर का नाहीत? डायबेटिससाठी पीटीपी१बीबद्दल खूप वाचलं, औषध कुठेच नाही. आणि पीटेन टायरोसीन फॉस्फटेजमध्ये लिहू की नको? दोन पुस्तकांत दोन गोष्टी आहेत.

---

अनुस्वार | सोमवार, रात्री १२:२०

@फायनल_इयर, झोप आता. पण आधी हे.

पीटीपी१बी इन्सुलिन रिसेप्टरवरचे फॉस्फेट काढतं. १९९९ मध्ये मॉन्ट्रियलला ते नसलेले उंदीर बनवले. इन्सुलिनला ते छान दाद द्यायचे आणि चरबीयुक्त खाणं घालूनही नेहमीसारखे लठ्ठ होत नव्हते. औषध कंपन्या तुटून पडल्या. अडचण अशी की एन्झाइमाची मुख्य जागा ऋण प्रभाराचा फॉस्फेट पकडायला घडलेली आहे, तिथे बसेल असं औषधही प्रभार असलेलंच लागतं, आणि प्रभार असलेला रेणू पेशीच्या पडद्यातून आत जात नाही. कसाबसा गेला तर टीसी-पीटीपी नावाचं सख्खं भावंड त्याच्याइतकंच सारखं, तेही अडतं. पेशी स्वतः हे काम कसं करते बघ: इन्सुलिन आलं की थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, ते पीटीपी१बीच्या मुख्य जागेतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला तेवढ्यापुरतं निकामी करतं, नंतर ते पूर्ववत होतं.

वाट निघाली ती मुख्य जागा सोडून दिल्यावर. शिप-टू एरवी स्वतःच्याच एका भागाने तोंड झाकून बसतं. २०१६ मध्ये नोव्हार्टिसच्या एसएचपी०९९ या रेणूने त्याला त्या झाकलेल्या अवस्थेतच चिकटवून ठेवलं. त्याच धर्तीचे रेणू कर्करोगासाठी रुग्णांवर तपासले गेले आहेत. आणि सेमिनारमध्ये ‘फॉस्फटेजवर औषधच नाही’ असं म्हणू नकोस. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन आहेत, वर वाच.

पीटेन: रचनेने टायरोसीन फॉस्फटेजच्या कुटुंबातलं. १९९७ मध्ये सापडलं तेव्हा सगळे त्याचं प्रथिन-भक्ष्य शोधत होते. १९९८ मध्ये माएहामा आणि डिक्सन (हो, योप-एचवालेच) यांनी दाखवलं की ते प्रथिनावरचा नाही, तर पडद्यातल्या पीआयपी३ या चरबीच्या रेणूवरचा फॉस्फेट काढतं. तिथून एकेटी या कायनेजचा, म्हणजे पेशीला वाढवणारा, मार्ग शांत होतो, म्हणून पीटेन गेलं की गाठी वाढतात. कुटुंब टायरोसीन फॉस्फटेजचं, मुख्य काम लिपिडवर, असं लिही. दोन्ही पुस्तकं खूश.

---

मुसळधार | सोमवार, सकाळी ७:०२

आणि मार्क कापले तर सरांना धाग्याची लिंक द्या, ताई बघून घेतील.